बिग बँग, बायबल आणि फादर लमेत्र

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे एक भाषण केलं. विश्व प्रसरण पावतंय, काळात मागे जावं तसं ते अधिक दाट आणि अधिक तप्त होत जातं, म्हणजे त्याला कधीतरी सुरुवात झाली असावी, असं खगोलशास्त्र तेव्हा सांगू लागलं होतं. यालाच बिग बँग सिद्धांत म्हणतात. पोपनी त्याचं मनापासून स्वागत केलं. ‘प्रकाश होवो’ या देवाच्या शब्दाची साक्षच आजचं विज्ञान देतंय, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. याला निर्विवाद पुरावा म्हणता येणार नाही, हेही ते म्हणाले होते. लक्षात राहिला तो मात्र पहिला भाग.

या भाषणानं ज्यांना सर्वांत जास्त आनंद व्हायला हवा होता, ते बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. विश्वाला सुरुवात आहे ही कल्पना भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडली ती त्यांनीच. ते लूवेन विद्यापीठात प्राध्यापक होते आणि १९२३ मध्ये गुरुदीक्षा झालेले कॅथलिक धर्मगुरूही होते. पोपच्या भाषणाच्या पुढच्या वर्षी रोममध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचं अधिवेशन भरायचं होतं आणि पोप तिथेही बोलणार होते. त्याआधी लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक आणि जेझुइट संघाचे धर्मगुरू डॅनियल ओ'कॉनेल यांच्याशी बोलून आपली काळजी त्यांच्या कानावर घातली. सप्टेंबर १९५२ च्या भाषणात पोपनी खगोलशास्त्राचा गौरव केला, पण निर्मितीचा पुरावा म्हणून त्याचा वापर केला नाही.

आपल्याच श्रद्धेच्या बाजूचा वाटणारा पुरावा एक धर्मगुरू का नाकारतो, हे समजलं की ख्रिस्ती श्रद्धा आणि विश्वोत्पत्तीचं विज्ञान यांच्यातला गुंता बराचसा सुटतो. त्यासाठी आधी विज्ञान नेमकं काय म्हणतं ते पाहू.

विज्ञानाचा दावा कशावर उभा आहे

१९२७ मध्ये लमेत्र यांनी ब्रुसेल्सच्या एका फ्रेंच नियतकालिकात लेख लिहिला. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाची समीकरणं घेतली तर विश्व स्थिर राहू शकत नाही, ते फुगतं, आणि त्यामुळे दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) जितकी दूर तितकी ती वेगानं दूर जाताना दिसायला हवी, असं त्यांनी दाखवलं. हा निष्कर्ष त्यांनी ४२ दीर्घिकांच्या अंतरांशी आणि वेगांशी ताडून पाहिला. (समीकरणांचं तसं उत्तर रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्येच काढलं होतं, पण निरीक्षणांशी त्याची सांगड लमेत्र यांनी घातली.) त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या सॉल्वे परिषदेत आइनस्टाइन त्यांना म्हणाले की गणित बरोबर आहे, भौतिकशास्त्र मात्र भयंकर आहे. दोन वर्षांनी एडविन हबल यांनी तोच संबंध अधिक चांगल्या मोजमापांतून जाहीर केला. २०१८ पासून खगोलशास्त्र संघाच्या शिफारशीनुसार त्याला हबल–लमेत्र नियम म्हणतात.

या नियमातून विश्वाचं वय कसं काढतात, ते स्वतः करून बघण्यासारखं आहे. आजचं मोजमाप ढोबळमानानं असं: दर मेगापार्सेक अंतरामागे वेग सेकंदाला ७० किलोमीटरनं वाढतो. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. किलोमीटरमध्ये लिहायचं तर ३०८६ आणि त्यापुढे सोळा शून्यं. या आकड्याला ७० नं भागा. दीर्घिकांना एवढं लांब जायला लागलेले सेकंद मिळतील. एका वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख ६० हजार सेकंद असतात; त्यानं पुन्हा भागा. उत्तर येतं साधारण १४०० कोटी वर्षं. प्रसरणाचा वेग सदैव सारखा नव्हता, त्यासाठीची दुरुस्ती केली की १३८० कोटी.

आता ७० च्या जागी हबल यांचा १९२९ चा आकडा, म्हणजे ५००, घालून बघा. वय येतं १९६ कोटी वर्षं. किरणोत्सर्गावरून मोजलेले पृथ्वीवरचे खडक याहून जुने निघत होते. पृथ्वी विश्वापेक्षा म्हातारी, असा प्रकार झाला! चूक अंतरांत होती. अंतर मोजायला जे सेफिड तारे (ठरावीक काळानं तेज कमी-जास्त होणारे) वापरत, ते दोन वेगवेगळ्या जातींचे असतात आणि त्यांची मूळ तेजस्विता वेगळी असते, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये जाहीर केलं. विश्वातली अंतरं एका फटक्यात सुमारे दुप्पट झाली. पोपचं पहिलं भाषण याच्या आदल्या वर्षीचं आहे, हे ध्यानात ठेवा. ज्या आकड्यांच्या भरवशावर ते बोलत होते, ते वर्षभरात बदलले.

दुसरा आधार हेलियमचा. पहिल्या काही मिनिटांत विश्व इतकं तप्त होतं की अणुकेंद्रकं जुळत होती. त्या वेळी दर सात प्रोटॉनमागे एक न्यूट्रॉन उरला होता, असं गणित सांगतं. म्हणजे १६ कणांत १४ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉन. दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून हेलियमचं एक केंद्रक होतं. उरलेले १२ प्रोटॉन म्हणजे हायड्रोजन. १६ पैकी ४, अर्थात वजनाच्या २५ टक्के हेलियम. जुन्यात जुन्या वायुमेघांत मोजलं तर हेलियम तेवढंच सापडतं. ताऱ्यांच्या पोटात एवढं हेलियम तयार व्हायला पुरेसा वेळच झालेला नाही.

तिसरा आणि सर्वांत भक्कम आधार १९६४-६५ मध्ये हाती आला. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. आकाशात कुठेही रोख धरला तरी एक बारीक खरखर येत होती. अँटेनात घरटं केलेली कबुतरं हलवली, त्यांची विष्ठा साफ केली, खरखर तशीच. ती विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाची उष्णता होती. तेव्हाचं तापमान सुमारे ३००० केल्विन (केल्विनचं शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियस); त्यानंतर अवकाश जवळपास ११०० पट ताणलं गेलं, म्हणून ती आज २.७ केल्विन इतकी थंड होऊन पोचते. लमेत्र तेव्हा रुग्णालयात होते. जून १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं; त्याआधी त्यांचे सहकारी ओदाँ गोदार यांनी हा शोध त्यांच्यापर्यंत पोचवला.

या तिन्ही पुराव्यांतून एवढंच सिद्ध होतं: सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आपल्याला दिसणारं सगळं विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं, आणि तेव्हापासून ते फुगत आणि थंड होत आलंय. रिकाम्या अवकाशात मधोमध काही फुटलं असं नाही. अवकाशच सगळीकडे ताणलं जातंय, त्यामुळे त्याला केंद्र नाही. आणि अगदी शून्य क्षणाबद्दल सिद्धांत गप्प आहे. सेकंदाचे १ वर ४३ शून्यं इतके तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याइतकं आपण सुरुवातीच्या जवळ गेलो, की गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत यांची एकत्र समीकरणं लागतात. ती आज कोणाकडेही पक्की नाहीत. ‘विज्ञानानं विश्वाचा पहिला क्षण दाखवला’ असं कोणी म्हटलं, मग तो आस्तिक असो की नास्तिक, तर तो विज्ञान जिथवर पोचलंय त्याच्या पुढचं बोलतोय.

श्रद्धेचा दावा काय आहे

ख्रिस्ती मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, देव आकाश आणि पृथ्वीचा उत्पन्नकर्ता आहे. याचा अर्थ चर्चच्या विचारवंतांनी फार बारकाईनं लावलेला आहे, आणि तो रविवारच्या शाळेत क्वचितच शिकवला जातो, ही मला खरी अडचण वाटते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे असाच पेच होता. ॲरिस्टॉटलच्या मते विश्व अनादि आहे, बायबल सुरुवातीची गोष्ट सांगतं. अक्वायनस यांनी दोन प्रश्न वेगळे केले. विश्व अस्तित्वासाठी देवावर अवलंबून आहे का, हा एक. विश्वाला काळात पहिला क्षण होता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बुद्धीनं देता येतं असं त्यांचं मत. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आहे, पण ते केवळ श्रद्धेनं कळतं. तर्कानं सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही. उलट, त्याचे लंगडे पुरावे देऊ नका, असं त्यांनी बजावलं. अशा पुराव्यांमुळे श्रद्धा न मानणाऱ्यांना हसायला कारण मिळतं, हे त्यांचं कारण होतं.

निर्मिती ही एकदा घडून संपलेली घटना नव्हे, हे सांगायला त्यांनी उजेडाचं उदाहरण घेतलं. सूर्य आहे तोवर हवा उजळलेली असते. सूर्य बाजूला झाला की हवेत स्वतःचा उजेड राहत नाही. तसं विश्व दर क्षणी देवाकडून अस्तित्व घेतं. या अर्थानं विश्व अनादि असतं तरी ते निर्माण केलेलंच ठरलं असतं. देवाचं काम पहिल्या सेकंदापुरतं आणि पुढचं सगळं निसर्गनियमांकडे, अशी वाटणी इथे नाहीच.

तरी एक गोष्ट झाकून चालणार नाही. विश्वाला सुरुवात आहे हे कॅथलिक चर्च शिकवतंच. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेनं तसं म्हटलंय. त्यामुळे विश्व अनादि आहे असं विज्ञानानं उद्या पक्कं सिद्ध केलं तर प्रश्न उभा राहील. पण तसं सिद्ध होणं फार कठीण आहे. एखाद्या मॉडेलमध्ये बिग बँगच्या आधीची अवस्था असणं आणि काळ मागे अनंत आहे हे मोजून दाखवणं, यांत महदंतर आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचं काय?

उत्पत्ती हे बायबलचं पहिलं पुस्तक. त्यात देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो: पहिल्या दिवशी प्रकाश, आणि सूर्य-चंद्र-तारे चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली? हा प्रश्न आधुनिक नास्तिकांनी काढलेला नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन यांनी तो विचारला आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिन यांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. हे दिवस आपल्या सूर्याच्या दिवसांसारखे नाहीत, देवानं सगळं एकदमच निर्माण केलं, असं ऑगस्टिन यांचं म्हणणं. त्यांचा इशारा आजही जसाच्या तसा लागू पडतो: आकाश, ताऱ्यांच्या गती, ग्रहणं यांबद्दल ज्याला पक्की माहिती आहे अशा बाहेरच्या माणसासमोर ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावानं चुकीचं बोलला, तर पुनरुत्थानाबद्दलच्या त्याच्या शब्दावर तो माणूस कशाला विश्वास ठेवेल?

मग विश्वाचं वय सहा हजार वर्षं, हा आकडा आला कुठून? आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये तो मांडला. उत्पत्तीच्या पाचव्या आणि अकराव्या अध्यायांत कोणाच्या कितव्या वर्षी कोण जन्मला ते दिलंय, ती वर्षं जोडायची. पुढे इस्राएल आणि यहूदाच्या राजांची कारकीर्द. आणि शेवटी बायबलबाहेरच्या नोंदींतून पक्क्या झालेल्या बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या मृत्यूवर साखळी अडकवायची. त्यांचं उत्तर: ख्रिस्तपूर्व ४००४, ऑक्टोबर. मेहनत प्रामाणिक होती आणि तेव्हाच्या विद्वत्तेच्या तोडीची होती. अडचण मूळ आकड्यांतच आहे. हिब्रू प्रतीत मुलगा शेथ जन्मला तेव्हा आदाम १३० वर्षांचा आहे, प्राचीन ग्रीक भाषांतरात २३०. अशा फरकांची बेरीज होत जाते. ग्रीक प्रत वापरणाऱ्या बायझंटाइन चर्चनं निर्मितीचं वर्ष ख्रिस्तपूर्व ५५०९ धरलं. दोन्ही गणितं बायबलचीच, आणि फरक १५०० वर्षांचा.

तरुण पृथ्वी मानणारे काही ख्रिस्ती गट आजही सहा ते दहा हजार वर्षांवर ठाम आहेत, विशेषतः अमेरिकेतले. त्यांच्यासमोरची सर्वांत अवघड गोष्ट आहे प्रकाश. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. मग तिचा प्रकाश इथे पोचलाच कसा? ‘देवानं प्रकाश वाटेतच निर्माण केला’ हे उत्तर वरवर चालतं. पण २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलानिक मेघात, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटताना दिसला. त्याचे न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) जमिनीखालच्या यंत्रांत पकडले गेले, त्याच्याभोवतीचं वायूचं कडं नंतर उजळलं. प्रकाश वाटेतच निर्माण झाला असेल, तर तो तारा कधी फुटलाच नाही. कधी न घडलेल्या स्फोटाचं खोटं चित्र देवानं आपल्याकडे पाठवलं. देव सत्य आहे असं मानणाऱ्याला हे परवडणारं नाही. इथे विज्ञानापेक्षा श्रद्धेलाच जास्त इजा होते, म्हणून हे उत्तर टाळावं असं माझं स्पष्ट मत आहे.

सरमिसळ केली की काय बिघडतं

बिग बँगला प्रतिस्पर्धी होता स्थिर स्थिती सिद्धांत. फ्रेड हॉइल, हर्मन बॉन्डी आणि थॉमस गोल्ड यांनी तो १९४८ मध्ये मांडला: विश्व फुगतं, पण मोकळ्या जागेत नवं द्रव्य सतत जन्मतं, म्हणून ते नेहमी सारखंच दिसतं. त्याला ना आदि ना अंत. नास्तिक असलेल्या हॉइल यांना बिग बँगमध्ये उत्पत्तीच्या पुस्तकाचा वास येत असे, आणि १९५१ चं भाषण अशा संशयाला खतपाणी घालणारंच होतं. याच हॉइल यांचे शिष्य आणि पुढे सहकारी म्हणजे आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. १९६० च्या दशकात त्यांनी हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, १९९३ पासून स्थिर स्थितीची सुधारित आवृत्तीही. बिग बँगवरचे त्यांचे आक्षेप भौतिकशास्त्राचे होते: एका क्षणी सगळं द्रव्य आलं म्हणता, मग द्रव्य-ऊर्जा शून्यातून येत नाही या अक्षय्यतेच्या नियमांचं काय?

स्थिर स्थितीचा मूळ सिद्धांत पडला तो रेडिओ स्रोतांच्या मोजणीमुळे आणि होल्मडेलच्या त्या खरखरीमुळे. पोपच्या भाषणामुळे नाही आणि कुणाच्या नास्तिकतेमुळेही नाही. आता उलटं धरून चाला. हॉइल आणि नारळीकर यांची बाजू खरी निघाली असती, आणि चर्चनं श्रद्धेचा खुंटा बिग बँगला बांधलेला असता, तर? लमेत्र यांची भीती नेमकी हीच होती. आपला सिद्धांत धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे, तो निरीश्वरवाद्यालाही मोकळा ठेवतो, असं ते १९५८ मध्ये पुन्हा म्हणाले. १९३१ मध्ये ‘नेचर’ला पाठवलेल्या छोट्या टिपणाच्या मसुद्याच्या शेवटी त्यांनी देवाबद्दल एक परिच्छेद लिहिला होता: देव स्वभावतः गुप्त आहे, आणि भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा राखतं याचा श्रद्धावंताला आनंदच वाटेल. छापायला देण्याआधी त्यांनी तो खोडला.

चूक दोन्ही बाजूंनी होते. १९८१ मध्ये व्हॅटिकनमध्येच भरलेल्या परिषदेत स्टीफन हॉकिंग यांनी काळाला टोकच नसलेल्या विश्वाची कल्पना मांडली. आरंभबिंदूच नसेल तर निर्मात्याला जागा कुठे, असा प्रश्न त्यांनी पुढे विचारला. अक्वायनस यांनी त्याचं उत्तर सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय: निर्मात्याची जागा आरंभबिंदूवर नव्हतीच. शिवाय क्वांटम नियमांतून विश्व ‘आपोआप’ उगवलं म्हणताना नियम आणि समीकरणं आधीपासून धरलेली असतात. ती का आहेत, हा प्रश्न शिल्लक राहतो. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांना लिहिलेल्या पत्रात ईश्वरशास्त्राच्या अभ्यासकांना बजावलं, की बिग बँगसारख्या सिद्धांतांचा घाईनं, तपासून न घेता श्रद्धेच्या समर्थनासाठी वापर करू नका. १९५१ ची चूक चर्चनं स्वतःच दुरुस्त केली, असं मी याकडे बघतो.

शिकवणाऱ्यांना सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो: बिग बँगच्या आधी काय होतं? याचं उत्तर दोन भागांत द्यावं आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. विज्ञानाचा भाग: ठाऊक नाही, काही मॉडेलांत आधीची अवस्था आहे, काहींत ‘आधी’ नाहीच, आणि निवाडा करायला आज मोजमाप नाही. श्रद्धेचा भाग ऑगस्टिन यांच्याकडून घ्यावा. विश्व घडवण्याआधी देव काय करत होता, असं त्यांच्या काळातही लोक विचारत. असले खोल प्रश्न उकरणाऱ्यांसाठी तो नरक तयार करत होता, असं एक चेष्टेचं उत्तर तेव्हा प्रचलित होतं. ऑगस्टिन यांनी ते द्यायला नकार दिला, कारण प्रामाणिक प्रश्नाची थट्टा करणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं उत्तर असं: काळही देवानंच निर्माण केला, विश्वाबरोबर, तेव्हा काळच नव्हता, म्हणून ‘आधी’ही नव्हतं.